सत्तर वर्षांचं वचन आणि सतरा शेकेलचं वावर

वर्ष सरायला आलं की अचलपूरपासून उमरीपर्यंत, वाशीमपासून वरोऱ्यापर्यंत ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर एक वचन हमखास चढतं. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, अध्याय 29, वचन 11: "तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते तुम्हांला तुमच्या भावी सुस्थितीची आशा देणारे आहेत." कॅलेंडरवर तेच, मोबाइलच्या स्टेटसवर तेच, 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वाटल्या जाणाऱ्या चिठ्ठ्यांवरही तेच. अलीकडे या एका ओळीवरून वाद झडू लागले आहेत. सभा गाजवणारे वक्ते सांगतात, हे वचन आपल्या नावावर करून घ्या, यंदा कर्ज फिटणार, पोराला नोकरी लागणार, पोरीचं लग्न जुळणार. गावातलीच चळवळीतून आलेली, शिकलेली पोरं विचारतात, कापसाला भाव नाही, सोयाबीन शेंगा धरायच्या आधीच पिवळं पडतंय, आणि तुम्ही 'भावी सुस्थिती' वाटता? ही अफूची गोळी आहे. तिसरा गट लहान आहे, पण अभ्यासू आहे. तो म्हणतो, हे वचन 2600 वर्षांपूर्वी बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, बंदी करून नेलेल्या यहूद्यांसाठी होतं, तुमचा त्याच्याशी संबंध नाही, भिंतीवरून उतरवा.

मला हा वाद ज्या रीतीने चालला आहे ती रीतच चुकीची वाटते. तिन्ही बाजू एका ओळीवर भांडताहेत आणि ती ओळ ज्या पत्रातली आहे ते पत्र कोणीच पूर्ण वाचत नाही. पूर्ण वाचलं तर दिसतं की या वचनात तीन पिढ्यांचं काम अंगावर घालणारा हुकूम आहे. ज्याला तो हुकूम नको आहे त्याला हे वचन हातात धरायचा अधिकार नाही. आणि ज्या मुलखात माणसं दर हंगामाला नव्याने उमेद गोळा करून पेरतात, त्या मुलखाला या हुकमाची फार गरज आहे.

आधी पत्र पाहू. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूद्यांची राजधानी यरुशलेम वाकवली. राजा यकन्या, राजमाता, दरबारी, आणि त्यांच्याबरोबर सुतार, लोहार अशी कसबी माणसं त्याने उचलून नेली. मंदिर अजून उभं होतं. ते पडलं 586 मध्ये, म्हणजे पत्रानंतर. त्यामुळे नेलेल्यांना वाटत होतं की हा तात्पुरता मामला आहे, आज ना उद्या परत जाऊ. यरुशलेमात मागे राहिलेल्या यिर्मयाने त्यांना पत्र लिहिलं आणि यकन्याच्या जागी आलेला राजा सिद्कीया याच्या वकिलातीबरोबर, शाफानाचा मुलगा एलासा आणि हिल्कीयाचा मुलगा गमऱ्या यांच्या हाती ते पाठवलं. पत्र कोणा एकट्यादुकट्याला नाही. वडील मंडळी, याजक, संदेष्टे आणि सगळे लोक यांच्या नावे आहे. 11व्या वचनाच्या आधी त्यात काय आहे? घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा आणि त्यांचं फळ खा. लग्नं करा, मुलांची लग्नं लावा, तिथे वाढा, घटू नका. ज्या शहरात तुम्हांला नेलंय त्याच्या भल्यासाठी झटा आणि प्रार्थना करा, कारण त्याचं भलं झालं तरच तुमचं होईल. स्वप्नं सांगणाऱ्या संदेष्ट्यांच्या नादी लागू नका. आणि मग 10वं वचन: बाबेलची सत्तर वर्षं भरली की मी तुमच्याकडे लक्ष देईन. त्याच्या पाठोपाठ आपलं आवडतं 11वं.

सत्तर वर्षं. पत्र ऐकणाऱ्यांत तिशीचा माणूस असेल तर हिशेब सोपा आहे. तो जाणार, बहुतेक त्याचा मुलगाही जाणार, आणि वचनाचं फळ नातवाच्या पदरी पडणार. पारसचा राजा कोरेश याने बाबेल घेतलं ते 539 मध्ये आणि परतीची वाट मोकळी झाली त्यानंतर. ज्या माणसाला हे वचन सर्वांत पहिल्यांदा वाचून दाखवलं गेलं, त्याच्या हयातीत ते पुरं व्हायचंच नव्हतं. मग 'हे वर्ष माझं' असं म्हणणाऱ्याने ते कोणत्या तोंडाने वापरायचं?

'मळे लावा' या साध्या आज्ञेत तर सगळा वाद मिटवण्याइतकं बळ आहे, आणि ते वरूड-मोर्शीच्या संत्रावाल्याला जेवढं पटकन कळेल तेवढं मोठ्या शहरातल्या व्याख्यात्याला कळणार नाही. संत्र्याची बाग म्हणजे काय ते पाहा. जंबेरी किंवा रंगपूर लाइमच्या खुंटावर डोळा बांधलेली कलमं आणायची. उन्हाळ्यात अडीच फूट लांब, रुंद, खोल असे खड्डे करून ते तापू द्यायचे. सहा बाय सहा मीटरवर लावली तर हेक्टरी 277 झाडं बसतात. पाऊस धरला की लावायची, आणि लावताना डोळ्याचा जोड जमिनीपासून वीतभर तरी वर ठेवायचा, कारण जोड मातीत गेला की बुरशी शिरते, सालीतून डिंक वाहायला लागतो आणि चांगलं वाढलेलं झाड बसतं. पाणी खोडाला लागू नये म्हणून दुहेरी आळं करायचं. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट पावसाळ्याच्या आधी आणि नंतर अशी दोनदा मीटरभर उंचीपर्यंत खोडाला लावायची. एवढं करूनही पहिली चार वर्षं त्या बागेतून संत्र्याचा रुपया येत नाही; आंतरपिकावर निभावायचं. खरा बहार धरायचा तो पाचव्या-सहाव्या वर्षापासून. बाबेलच्या कालव्यांकाठी लावायचा तो खजूर, पण तिथेही बुंध्याशी फुटलेलं पिल काढून लावलं तरी फळ धरायला चार-पाच वर्षं जातात. म्हणजे ज्याने 'मळे लावा आणि फळ खा' हे मनावर घेतलं, त्याने आपण पाच-सहा वर्षं तरी इथून हलत नाही हे मान्य केलं. परतीचं सामान बांधून बसलेला माणूस खड्डे खणत नाही.

हीच गोष्ट त्या काळी अनेकांना झोंबली, कारण दुसरा, जास्त गोड पर्याय बाजारात होता. मागच्याच, 28व्या अध्यायात गिबोनचा हनन्या मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो: दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, मंदिराची भांडी परत येतील, राजा यकन्या परत येईल, नेलेले सगळे परततील. यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून तो सर्वांदेखत मोडतो. यिर्मया काय म्हणतो? आधी म्हणतो, आमेन, परमेश्वर असंच करो. त्यालाही तेच हवं होतं. पण तो पुढे सांगतो की शांतीचं भविष्य सांगणारा संदेष्टा खरा की खोटा, ते त्याचं म्हणणं घडलं म्हणजेच कळतं. हनन्याचं घडलं नाही. त्याच वर्षी तो मेला आणि दोन वर्षांत कोणी परत आलं नाही.

हनन्याचा दोष त्याने आशा दिली हा नव्हता. आशा यिर्मयानेही दिली. दोष मुदतीचा होता. खोटी, जवळची मुदत माणसाचे आजचे निर्णय बिघडवते. दोन वर्षांत जायचंय म्हटल्यावर घर कोण बांधेल? पोराचं लग्न परक्या मुलखात कोण लावेल? विदर्भात हे पीककर्जाच्या रूपाने दर पाच वर्षांनी घडतं. निवडणूक जवळ आली की कर्जमाफीची हूल उठते. राज्यात डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही. पण माफी येणारच म्हणून जो नवं-जुनं, म्हणजे जुनं कर्ज फेडून नवं उचलणं, थांबवतो तो थकबाकीदार होतो, सवलत जाते, बँकेचं दार बंद होतं आणि मिरगाच्या तोंडावर बियाण्यासाठी त्याला सावकाराकडे जावं लागतं. माफी आली तरी ती सगळ्यांना पोचते असं नाही. 2008च्या माफीत पूर्ण माफीची रेषा दोन हेक्टरवर, म्हणजे पाच एकरांवर होती. ओलिताच्या मुलखात पाच एकर म्हणजे बरी शेती. आपल्याकडचा सात-आठ एकर कोरडवाहूवाला त्याच्याहून कमी कमवूनही रेषेबाहेर पडला. त्याने उरलेली रक्कम भरली तरच 25 टक्क्यांची किंवा 20 हजारांची, जी जास्त असेल ती, सूट. कर्जमाफीची मागणी गैर आहे असं मी म्हणत नाही, भाव पाडणाऱ्या धोरणांची भरपाई मागणं शेतकऱ्याचा हक्कच आहे. पण येईल-येईल म्हणून आजचा व्यवहार थांबवणं ही हनन्याची आशा आहे, आणि ती मंडपातून दिली काय, व्यासपीठावरून दिली काय, नुकसान तेच होतं.

मंडपातून दिलेली तर जास्त घातकी. राजकारण्याचं आश्वासन फसलं तर शिव्या देता येतात. 'या वर्षी कर्ज फिटणार' असं देवाच्या नावाने सांगितलं आणि वर्षअखेरीस कर्ज वाढलं, तर दोष कोणावर येतो? वक्त्यावर येत नाही, तो पुढच्या तालुक्यात गेलेला असतो. 'तुझा विश्वास कमी पडला' असं म्हणून तो दोष त्या घरातल्या कर्त्या माणसावरच टाकला जातो. आधी कर्जाचं ओझं होतंच, त्यावर देवाने आपल्याला टाकल्याचं ओझं. ज्या जिल्ह्यांमध्ये कर्त्या माणसांनी जीव दिल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत राहिल्या, त्या जिल्ह्यांत असा संदेश देणाऱ्याने आपल्या शब्दाची जबाबदारी ओळखली पाहिजे. यिर्मयाच्या पत्रात अशांचा थेट समाचार आहे. बाबेलात देवाच्या नावाने खोटं सांगणाऱ्या दोघांची, कोलायाच्या मुलाची आणि मासेयाच्या मुलाची, नावं घेऊन तो लिहितो. आपल्याकडे मात्र अशा वक्त्याला हार घालून पुढच्या वर्षीची तारीख मागितली जाते.

आता अफूच्या आरोपाकडे. हा आरोप हलका नाही आणि तो करणाऱ्यांना 'नास्तिक' म्हणून झटकणं हा पळपुटेपणा आहे. वचनांवर विश्वास न ठेवायला विदर्भाकडे भरपूर कारणं आहेत. 1953चा नागपूर करार झाला, विकासाचा आणि नोकऱ्यांचा वाटा कागदावर आला, पुढे अनुशेष मोजायला समित्या नेमल्या, वैधानिक मंडळं झाली, आणि अनुशेष हा शब्द इथल्या लेकरांच्याही तोंडी बसला. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन 1988 साली पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झालं. तेव्हाचा अंदाज 372 कोटींचा होता. खर्च हजारो कोटींवर गेला, राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, पण कालव्याच्या शेवटच्या टोकाला वावर असलेल्यांच्या वाट्याला वाट पाहणंच आलं. अशा मुलखातल्या माणसाला 'उद्या बरं होईल' असं वरूनही, म्हणजे आभाळातूनही, ऐकवलं तर त्याने ते मुकाट्याने का घ्यावं? शिवाय पत्रातच एक अवघड जागा आहे. 'ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी झटा', म्हणजे गुलामांनी मालकाचं भलं चिंतावं? दीक्षाभूमीच्या मुलखात हा प्रश्न विचारला जाणारच, आणि तो विचारला गेलाच पाहिजे. सोसत राहा, पुढे फळ मिळेल, हे इथल्या माणसांना शतकानुशतकं सांगितलं गेलं. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखो माणसांनी ते सांगणं नाकारलं.

याला माझं पहिलं उत्तर इतिहासातलं आहे. भविष्याचं वचन माणसाला गुंगवतंच असेल, तर गुलामांच्या मालकांना ते आवडायला हवं होतं. घडलं उलटं. 1807 साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलची एक निवडक आवृत्ती छापली गेली. तिच्यातून मोशे गुलाम इस्राएल लोकांना मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सोडवून नेतो ती सगळी कथा गाळली. जुन्या कराराचा बहुतेक भाग गाळला. आज्ञापालनाचे उतारे ठेवले. मालकांच्या बाजूने विचार करणाऱ्यांनी नेमकं काय धोक्याचं मानलं ते पाहा: वचन, सुटका, पुढचा देश. अफू कोणी कापून टाकत नाही. आणि अमेरिकेतल्या गुलामांनी कानोकानी तीच कथा मिळवली, गाण्यांत घातली आणि तिच्या जोरावर पळायच्या वाटा धरल्या. वचन सुटं काढून आज्ञापालनाला जोडलं तर ते गुंगवतं, हे खरं. पण तो कापाकापीचा परिणाम आहे. मग कापाकापी थांबवा. आपल्या कॅलेंडरवाल्यांनाही मी हेच सांगतो.

दुसरं उत्तर यिर्मयाच्या पुस्तकातलंच. यिर्मयाने बाबेलला आशीर्वाद देऊन हात धुतले नाहीत. सिद्कीयाच्या चौथ्या वर्षी त्याने बाबेलच्या नाशाचा मजकूर वेगळा लिहून बाबेलला निघालेल्या सराया या दरबाऱ्याच्या हाती पाठवला आणि तो मोठ्याने वाचून, दगड बांधून फरात नदीत बुडवायला सांगितलं. 51व्या अध्यायाचा शेवट तोच आहे. म्हणजे बाबेल टिकणार नाही हे ठरलेलं, आणि तरी तिथे घर बांधायचं हेही ठरलेलं. हे मालकाचं लांगूलचालन झालं का? मला तर ही टिकून राहायची रीत दिसते. इ.स.पू. 722च्या सुमारास अश्शूरने उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची माणसं अशीच उचलून नेली होती. समाज म्हणून पुढे त्यांचा पत्ता लागत नाही. बाबेलात गेलेल्या यहूद्यांचा लागतो. आजच्या इराकातून मिळालेल्या मातीच्या पाट्यांमध्ये त्यांच्या एका वस्तीचं नाव येतं, आल-याहुदू, म्हणजे यहूदाचं गाव. सर्वांत जुनी पाटी इ.स.पू. 572ची. त्यांत आहे काय? सातू आणि खजुराचे हिशेब, जमिनीचा वाटा, सारा, उसनवारी, साक्षीदारांची नावं. पाट्या त्यांच्या मालकांच्या लिपीत आहेत, पण आपल्या देवाचं नाव पोटात घेतलेली नावं ते मुलांना पिढ्यान्‌पिढ्या ठेवताना दिसतात. पत्रात सांगितलेलं हेच: राहा, पिकवा, वाढा, विरघळू नका. ज्याला हे गुंगी वाटतं त्याने सारा भरून, दुसऱ्याच्या मुलखात, आपलं नाव टिकवून तीन पिढ्या शेती करून पाहावी.

त्या काळच्या लोकांनाही पत्र गुंगीचं वाटलं नव्हतं. नेहेलामी शमाया याने बाबेलातून यरुशलेमच्या याजकाला तक्रार लिहिली: हा यिर्मया आम्हांला सांगतो की मुदत लांब आहे, घरं बांधा, मळे लावा, याला खोड्यात का घालत नाही? माणसाला शांत झोपवणाऱ्या पत्राविरुद्ध अशी तक्रार कोण करेल?

तिसऱ्या गटाचं, 'हे आपल्यासाठी नाहीच' म्हणणाऱ्यांचं, अर्धं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो. पत्राला पत्ता आहे, तारीख आहे, आणि तो पत्ता दारव्हा किंवा दर्यापूर नाही. पण त्यांचा निष्कर्ष बायबललाच मान्य नाही. दानिएलच्या 9व्या अध्यायात दानिएल यिर्मयाची हीच सत्तर वर्षं वाचतो. वाचून तो काय करतो? मुदत भरत आली म्हणून आनंदाने स्वस्थ बसत नाही. गोणपाट नेसतो, उपास करतो, राख घेतो आणि आपल्या लोकांच्या, राजांच्या, वाडवडिलांच्या चुका एकेक कबूल करत प्रार्थना करतो. वचनाची मुदत जवळ आली याचा त्याने लावलेला अर्थ असा की आता आपल्याला जास्त काम आहे. प्रेषित पौलही रोमकरांना लिहितो की पूर्वी लिहिलेलं सगळं आपल्या शिक्षणासाठी आहे, धीर आणि आशा मिळावी म्हणून. आणि इब्रीकरांना लिहिलेल्या पत्राच्या 11व्या अध्यायात विश्वासाने जगलेल्यांची यादी देऊन सांगितलंय की त्यांना वचनांचं फळ मिळालं नाही, त्यांनी ते दुरून पाहिलं आणि तसेच ते मेले. म्हणजे हे वचन उसनं घेता येतं, पण अटीसकट. 11वं घ्यायचं तर 5वं, 6वं, 7वं आणि 10वंही घ्यावं लागतं.

अटीसकट घेणं म्हणजे काय, हे यिर्मयाने स्वतः करून दाखवलं. ते 32व्या अध्यायात आहे, आणि मला वाटतं गावाकडच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 29व्याच्या आधी 32वा अध्याय शिकवावा. सिद्कीयाचं दहावं वर्ष. बाबेलच्या फौजेने यरुशलेमला वेढा घातलेला. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथमधलं माझं वावर विकत घे, सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. अनाथोथ हे यरुशलेमच्या उत्तरेला जवळच असलेलं, यिर्मयाचंच गाव. शत्रूची फौज त्या मुलखात पसरलेली. तिथल्या वावराला भाव काय असणार? बाजाराच्या भाषेत शून्य. नियमशास्त्राप्रमाणे भाऊ अडचणीत येऊन जमीन विकू लागला तर जवळच्या नातलगाने ती सोडवायची, म्हणजे ती घराबाहेर जात नाही. यिर्मयाने ती घेतली.

आणि घेतली ती पुऱ्या कायदेशीर रीतीने. सतरा शेकेल रुपं, म्हणजे चांदी, तराजूत तोलून दिलं. तेव्हा त्या मुलखात नाणी नव्हती, एक शेकेल साधारण 11 ग्रॅमचा धरला तर हे 190 ग्रॅमच्या आसपास होतं. खरेदीखत लिहिलं, सही केली, शिक्का मारला, साक्षीदारांनी सह्या केल्या. दोन प्रती होत्या: एक नियम-अटींसह मोहोरबंद, एक उघडी. चौकात बसलेल्या सगळ्या यहूद्यांसमोर दोन्ही प्रती आपला लेखनिक, नेरीयाचा मुलगा बारूख, याच्या हाती दिल्या आणि सांगितलं, या मातीच्या मडक्यात घाल, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कारण या देशात पुन्हा घरं, शेतं आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील. नंतर तो प्रार्थना करतो आणि त्या प्रार्थनेत सरळ विचारतो: नगर खास्द्यांच्या (बाबेलवाल्यांच्या) हाती गेलंय आणि तू मला साक्षीदार ठेवून शेत घ्यायला सांगतोस? शंका त्याला होती. पण पैसे मोजून झाले होते. पुढे यरुशलेम पडलं, यिर्मयाला त्याच्या मनाविरुद्ध मिसरात नेलं, आणि त्या वावरात त्याने नांगर घातल्याचं कुठेही लिहिलेलं नाही.

या व्यवहारात आशेचा जितका अर्थ आहे तितका शंभर संदेशांत नाही. वेढ्यात सापडलेल्या, नड असलेल्या नातलगाच्या हातात रोख रक्कम पडली. जमीन घरात राहिली. आणि पुढच्या पिढीला दावा सांगायला कागद राहिला. अशा आशेला अफू म्हणणाऱ्याने त्यातली गुंगी कुठे आहे ते दाखवून द्यावं. 'वचन नावावर करा' म्हणणाऱ्यानेही आपल्या श्रोत्यांतल्या नडलेल्या भावाचं वावर वाचवायला सतरा शेकेल काढून दाखवावेत.

कारण आपल्याकडे नड लागली की नेमकं याच्या उलट घडतं. सावकार गहाणखत करत नाही, खरेदीखत करून घेतो. कागद विक्रीचा आणि तोंडी बोली गहाणाची. 'पैसे दिले की वावर परत' हा शब्द, आणि शब्दाला साक्षीदार नाही. पैसे फेडले तरी सातबाऱ्यावर नाव सावकाराचंच. अशा वेळी विश्वासी माणसाने प्रार्थना करावीच, पण त्याला हेही ठाऊक हवं की 2014च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाच्या कलम 18 खाली, सावकारीच्या व्यवहारात गेलेली जमीन परत मिळण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो आणि त्याला पंधरा वर्षांची मर्यादा आहे. जे सरळ खरेदी करतात तेही अर्ध्यात थांबतात. खरेदीखतात गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा नीट लिहिल्या, दोन साक्षीदार घेतले, चार महिन्यांच्या आत दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केली, आणि मग कागद पेटीत. फेरफार घ्यायचा राहतो. तलाठी नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवसांत हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, तेव्हा कुठे सातबाऱ्यावर नाव चढतं. हे राहिलं की वीस वर्षांनी मूळ मालकाचे वारस उभे राहतात आणि पोरं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. यिर्मयाने वेढ्यात, कैदेत, दुसरी प्रतही सोडली नाही. देवावर भरवसा असणाऱ्या माणसाने कागदाकडे इतकं लक्ष द्यावं, हे आपल्या सभांमधून कधी सांगितलं जातं का?

अशी आशा फक्त ख्रिस्ती माणसाला जमते असंही नाही. 1897च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात येऊन उपाशी मुलींना घेऊन गेल्या आणि केडगावला त्यांनी विहिरी, शेती, शिक्षण असा पसारा उभा केला, ती ख्रिस्ती आशा होती. 1949 साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर बाबा आमट्यांनी काही कुष्ठरोग्यांना बरोबर घेऊन आनंदवन उभं केलं आणि आधी पाण्यासाठी विहीर खणली, तेव्हा त्यांच्या हातात हे पत्र नव्हतं. पण पत्र ज्या कामाला लावतं ते काम तिथेही होतं. चळवळीतल्या पोरांशी ख्रिस्ती मंडळींनी या कामावर बोलावं. एका ओळीवरून हमरीतुमरीवर येण्यात दोघांचाही वेळ जातो.

म्हणून वचन भिंतीवरून उतरवू नये. येत्या 31 डिसेंबरला चिठ्ठी वाटायच्या आधी 29व्या अध्यायाची 4 ते 14 ही अकरा वचनं मोठ्याने वाचावीत. दोन-तीन मिनिटांचं काम आहे. कॅलेंडर छापणाऱ्यांनी 11व्याच्या शेजारी 10वंही छापावं, सत्तर वर्षांसकट. जानेवारीच्या एका रविवारी उपासनेनंतर मंडळीतल्या कागदपत्रं कळणाऱ्या माणसाने बसावं आणि ज्यांना हवं त्यांचे कागद पाहावेत: फेरफार झालाय का, कर्जाचं नवं-जुनं कधी करायचं, सावकाराकडे गेलेला कागद गहाणाचा आहे की खरेदीचा. ज्याचं वावर हातचं जाण्याच्या बेतात आहे, त्याच्यासाठी पंचांनी मंडळीच्या निधीतून काय करता येईल ते त्याच बैठकीत ठरवावं. आणि ज्याचं फळ आज तिथे बसलेल्या कोणालाही मिळणार नाही असं एक तरी काम, मग ती बांधावरची झाडं असोत, विहिरीचं पुनर्भरण असो की पोरींच्या शिक्षणाची ठेव, इतिवृत्तात लिहावं, रकमेसह आणि ते करणाऱ्याच्या नावासह.